पहिली पंगत की दुसरी? नॉर्वे क्रूझवरच्या रात्रीच्या जेवणाचा घोळ

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. जूनमध्ये नॉर्वेला क्रूझने निघालोय. आम्ही दोघं सांगलीहून, सोबत साताऱ्याची नणंद आणि तिचे यजमान. साउदॅम्प्टनहून बोट, आठवड्याची सफर. एक दिवस समुद्रात, मग बर्गन, फ्लॉम, गायरांगर, ओलेसुंड, आणि परतताना पुन्हा एक दिवस समुद्रात. व्हिसा (ब्रिटनचा वेगळा, शेंगेन वेगळा), विमान, स्वेटर, सगळं मार्गी लागलं. घोडं अडलंय जेवणापाशी.

बुकिंगवाला म्हणतो, मोठ्या डायनिंग रूममधलं टेबल आत्ताच ठरवा. पहिली पंगत सहाला, दुसरी साडेआठला. एकदा ठरलं की आठवडाभर तेच टेबल, तोच वाढपी. तिसरा पर्याय म्हणजे आपल्या सोयीने जायचं आणि जागा असेल तिथे बसायचं. मी वेळापत्रक घेऊन बसले तर काय, फ्लॉमहून बोट सुटते सहाला आणि गायरांगरहूनही सहाला! म्हणजे ज्या कड्यांसाठी आणि धबधब्यांसाठी एवढे पैसे मोजले ते बाहेरून सरकणार आणि आम्ही आत सूप ढवळत बसणार. साडेआठची घ्यावी तर आमच्या ह्यांना साखर आहे. घरी साडेसातच्या ठोक्याला पान लागतं.

बर्गनला बोट रात्री नऊपर्यंत उभी आहे. तिथे गावातच जेवावं का?

नणंद म्हणते, "वहिनी, जेवण काय रोजचंच आहे, डेकवर उभ्या राहू." तिचे यजमान म्हणतात, "पैसे जेवणाचेसुद्धा भरलेत." आम्ही चौघंही शाकाहारी, अंडंही नाही. जाणकारांनी सांगा.

लाल_डबा
सहाला जेवण? सहाला आमच्याकडे दुसरा चहा होतो.

दुसरीच_पंगत
डोळे झाकून साडेआठची घ्या. आम्ही फ्लॉम-गायरांगर याच मार्गावर जाऊन आलोय, तेही पहिली पंगत घेऊन, कारण सोबतच्या मंडळींना लवकर झोपायची सवय. गायरांगरच्या दिवशी सहाला सगळे इस्त्रीचे कपडे घालून टेबलावर. सूप आलं आणि बोट हलली. पाच मिनिटांत खिडकीकडच्या टेबलांवरून "आहा" सुरू झालं. आमचं टेबल मधल्या खांबाला टेकलेलं, आम्हाला दिसत होती फक्त लोकांची डोकी. मग एकेक जण नॅपकिन खुर्चीवर टाकून उठला. आमचा वाढपी गोव्याचा होता. तोच म्हणाला, "काका, तुम्ही वर जाऊन या, मी ताटं झाकून ठेवतो." वर गेलो तर 'सात बहिणी' नावाचा धबधबा समोर! एका ओळीत सात धारा, सगळ्यात उंच अडीचशे मीटरची. जेवण गार झालं त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

मेन्यू दोन्ही पंगतींना एकच असतो. साडेआठला जेवणाऱ्याचं काहीही चुकत नाही.

मिरजेची_डॉक्टरीण
@दुसरीच_पंगत, साखरेच्या माणसाला "डोळे झाकून साडेआठ" असं सांगू नका हो.

कृष्णाकाठची ताई, यजमानांना इन्सुलिन आहे की नुसत्या गोळ्या, आणि गोळ्या असतील तर कोणत्या, यावर बरंच अवलंबून आहे. काही गोळ्या घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर झपकन खाली येते, काहींना तेवढा धोका नसतो. तुमच्या डॉक्टरांना बोटीचं वेळापत्रक दाखवून विचारा आणि वेळा लिहून घ्या. दुसरं म्हणजे नॉर्वेचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे. बोटीवर मध्ये एका रात्री घड्याळ पुढे करायला सांगतात आणि परत येताना मागे. औषधं आणि जेवण दोन्ही बोटीच्या घड्याळावर ठेवा, मोबाईल आपोआप वेळ बदलतो त्याच्या भरवशावर राहू नका. आणि डेकवर जाताना खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी हवीच. गार वाऱ्यात तासभर उभं राहिलं की भूक कळत नाही.

लाल_डबा
खिशात पुडी कशाला, भडंग न्या की. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय विट्यालासुद्धा जात नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
आणि आमचे कंदी पेढे? नणंदबाई साताऱ्याच्या आहेत, विसरू नका.

मिरजेची_डॉक्टरीण
@अजिंक्यताऱ्याखाली, ज्यांना साखर आहे त्यांच्याच धाग्यावर पेढे?

सोनसळी_हळद
पेढे चालणारच नाहीत, तेही डॉक्टरीणबाईंमुळे नाही. दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्येही नेता येत नाहीत आणि नॉर्वेतही नाही. पेढा म्हणजे खवा, तो कस्टममध्येच राहील. भडंग म्हणजे चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट. त्याला कुणी हरकत घेत नाही, पाकीट बंद असलं म्हणजे झालं.

लाल_डबा
सांगली १, सातारा ०.

अजिंक्यताऱ्याखाली
पेढा सीमेवर अडवतात तो त्याच्या मोलामुळे. असो, आता मुद्द्याचं बोलतो.

आम्ही मुलीबरोबर अलास्काला गेलो होतो. तिथला हिशोब जरा निराळा. ग्लेशियर बेच्या दिवशी बंदर नाहीच, बोट दिवसभर खाडीत फिरते आणि हिमनदीसमोर थांबून हळूहळू वळते. दिवसाला दोनच मोठ्या बोटींना आत परवानगी. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीवर येऊन माहिती सांगतात. गंमत म्हणजे तिथे संध्याकाळचं जेवण अडलं नाही, अडलं दुपारचं! ऐन बाराच्या सुमाराला बर्फाचे कडे कोसळतात की काय म्हणून सगळे डेकवर, आणि वरचा बुफे ओस. उलट जूनोला बोट रात्री उशिरापर्यंत उभी होती. जूनमध्ये तिथे दहापर्यंत उजेड, त्यामुळे सावकाश फिरून आलो तरी बोटीवर जेवण मिळालं.

सांगायचं एवढंच की पंगत आठवड्याची म्हणून ठरवू नका. रोजची बोट किती वाजता सुटते ते बघा. ज्या दिवशी सुटल्यावर नुसता उघडा समुद्र लागणार त्या दिवशी सहा काय, साडेपाचला बसलं तरी काही बिघडत नाही.

वाचनमात्र
अजिंक्यताऱ्याखालींशी सहमत. ओलेसुंडहून निघालं की थोड्या वेळात बेटं मागे पडतात आणि मग पाणीच पाणी. तिथे निवांत बसा. सूटबूटवाली रात्रही बहुतेक समुद्रातल्या दिवशीच असते, तेव्हा बघण्यासारखं जे असतं ते एकमेकांचे कपडे.

कोयनेचा_भाऊ
सगळे संध्याकाळच्या मागे लागलेत. अहो, बोट ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने बाहेर येते! फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची खाडी, तिला मागचं दार नसतं. गायरांगरचा फ्योर्ड साधारण पंधरा किलोमीटरचा, तो येताना एकदा आणि जाताना एकदा दिसणारच. फ्लॉमला बोट आठला लागत असेल तर सहाला उठा, जॅकेट घाला, सगळ्यात वरच्या डेकवर जा. आम्ही गेलो तेव्हा जेमतेम पाच-दहा माणसं होती. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरच्या वर लांब आहे, त्याचा अर्धा भाग झोपेतच जातो. पण शेवटी जो चिंचोळा फाटा फ्लॉमकडे वळतो तिथे कडे दोन्ही बाजूंनी अंगावर येतात.

बामणोलीहून वासोट्याला लाँचने गेला असाल तर कल्पना येईल. शिवसागराचं पाणी तेच, डोंगर तसेच, फक्त डोंगर चौपट करायचे आणि माथ्यावर बर्फ ठेवायचा.

गायरांगरला आत येताना सात बहिणी डाव्या हाताला, बाहेर जाताना उजव्या. त्यांच्या समोरच्या कड्यावर एक एकटा धबधबा आहे, त्याला तिकडे 'मागणी घालणारा' म्हणतात. सातही जणींनी नकार दिला म्हणे. जूनमध्ये बर्फ वितळत असतं म्हणून सगळ्यांना पाणी भरपूर. ऑगस्टअखेर गेलात तर काही बहिणी माहेरी गेलेल्या असतात.

लाल_डबा
सात जणींचा नकार घेऊन समोरच उभा? हा नक्की आमच्या वाळव्याचा.

दुसरीच_पंगत
@कोयनेचा_भाऊ, सकाळी सहाला उठून बघता येतं, मान्य. पण सकाळी ढग खाली उतरलेले असले तर? किंवा संध्याकाळी असले तर? बर्गनच्या आसपास वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. दोन संधी आहेत तर दोन्ही घ्याव्या. एक जेवणासाठी घालवायची कशाला?

कोयनेचा_भाऊ
दोन्ही घ्या की. मी कुठे जेवायला बसा म्हणालो? सकाळचीही घ्या एवढंच म्हणतोय. संध्याकाळी माणूस दिवसभर बसमधून हिंडून आलेला असतो, पाय बोलत असतात.

हरिपूर_संगम
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. आम्ही जैन, आई सूर्यास्ताच्या आत जेवते, कंदमुळं नाहीत. ती पुढच्या वर्षी याच सफरीचं म्हणतेय. तिला पहिली पंगतच घ्यावी लागेल ना?

वाचनमात्र
@हरिपूर_संगम, जूनमध्ये बर्गनला सूर्य मावळतो रात्री अकराच्या सुमाराला. आईंना साडेआठची पंगत घेतली तरी सूर्य बराच वर असेल!

सोनसळी_हळद
आणि अजून उत्तरेला, नॉर्थ केपकडची सफर घेतली तर मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत सूर्य मावळतच नाही. मग काय करायचं, चोवीस तास पंगत?

हरिपूर_संगम
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सूर्य मावळत नाही म्हणून आपण खातच बसायचं का?" ती घरच्या वेळेलाच जेवणार. बाकी महाराजांना विचारून सांगते म्हणाली.

मिरजेची_डॉक्टरीण
आईंना नमस्कार सांगा. त्यांचं पथ्य माझ्या निम्म्या पेशंटना हवं आहे.

जैन जेवण बुकिंग करतानाच लिहून द्यायचं आणि बोटीवर पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटायचं. बऱ्याच बोटींवर भारतीय स्वयंपाकी असतात. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी बिनकांद्याची, बिनबटाट्याची भाजी, डाळ, भात करून देतात. आयत्या वेळी मागितलं की मग सॅलड आणि उकडलेली ब्रोकोली.

चुलीवरचं_पिठलं
इथे खरा मुद्दा आला. कृष्णाकाठची ताईंना 'आपल्या सोयीने' हा पर्याय सगळे सुचवतील, साखरेमुळे तो बरोबरही वाटतो. पण शाकाहाऱ्याला त्यात एक डोकेदुखी असते. रोज नवं टेबल म्हणजे रोज नवा वाढपी, आणि रोज नव्याने "अंडं नाही, मासा नाही, सूपमध्ये चिकनचं पाणी नाही" हे पुराण. आमच्या एका सफरीत तिसऱ्या संध्याकाळी असंच झालं. माणूस नवा, त्याने हसत हसत मान हलवली आणि रिसोटो आणला, खाली कोळंबी. राग तरी कुणावर काढायचा, तो बिचारा चार टेबलं एकटा सांभाळत होता. ठरलेल्या टेबलावरचा माणूस दुसऱ्या दिवसापासून स्वतःच सांगतो, "मॅडम, आज मेन्यूतलं हे तुमच्यासाठी नाही, मी आतून वेगळं मागवलंय." ते सुख फार मोठं.

सातच्या सुमाराला 'आपल्या सोयीने'वाल्यांची रांगही लागते. साडेसातला पान हवं असेल तर साडेसहालाच उभं राहावं लागतं.

दुसरीच_पंगत
हे मात्र खरं. आमच्या गोवेकराला दुसऱ्या दिवशी नाव, गाव, कुणाला तिखट लागतं, सगळं पाठ.

रजिस्टर_बंद
पण ठरलेलं टेबल म्हणजे हजेरी नव्हे! हे कुणी लिहिलंच नाही अजून. एखाद्या संध्याकाळी गेलं नाही तरी चालतं. आदल्या दिवशी वाढप्याला सांगून ठेवायचं, म्हणजे तो टेबल अडवून बसत नाही. त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बुफेत जायचं. तो बहुतेक बोटींवर काचेच्या भिंतींचा असतो, ताटात काय आहे ते समोर दिसतं, आणि जेवायची वेळ आपण ठरवतो. खिडकीजवळची जागा मात्र बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी पकडायची, नाहीतर पर्वत सोडून माणसांच्या पाठी बघाव्या लागतात.

अजिंक्यताऱ्याखाली
@रजिस्टर_बंद +१. अलास्कात आम्ही हेच केलं.

सोनसळी_हळद
बर्गनच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. गावात बसून जेवायचं असेल तर पाकीट घट्ट धरा. नॉर्वेत हॉटेलात बसून खाल्लं तर २५ टक्के कर, तेच बांधून नेलं तर खाद्यपदार्थाचा १५ टक्के. शाकाहारी, बिनअंड्याचं म्हटलं की निवडीला उरतं काय, पिझ्झा आणि फ्रेंच फ्राईज. बोटीवरच्या जेवणाचे पैसे आधीच भरलेले असताना ते कशाला?

चुलीवरचं_पिठलं
मलाही तेच वाटतं, पण वेळेची अडचण मात्र तिथे नाही. नॉर्वेतले लोक मुख्य जेवण दुपारी चार-पाचलाच उरकतात, तेव्हा संध्याकाळी पाचला सांगलीकराला जेवू घालणारं हॉटेल सापडेल. इटलीत उलट. नेपल्सला बोट सातला सुटणार होती, आम्ही म्हटलं सुटण्याआधी गावात छान जेवू. दुपारी अडीच-तीनला बऱ्याच हॉटेलांच्या चुली बंद, उघडणार सातला! हातात गाडीवरचा पिझ्झा घेऊन धक्क्याकडे पळालो. भूमध्य समुद्रात बंदरावर खायचं ते दुपारी, आणि रात्री बोटीवर हलकं.

वाचनमात्र
सँटोरिनीला तर दुपारीसुद्धा घाई करू नका. बोट बाहेर नांगर टाकते, छोट्या होड्यांनी नेतात. वरून खाली यायला केबल कार, नाहीतर ५८८ पायऱ्या. सूर्यास्त बघून सगळं गाव एकदम केबल कारच्या रांगेत येतं. जेवण तर सोडाच, बोट चुकेल की काय याचीच धाकधूक.

लाल_डबा
५८८ पायऱ्या? आमची आजी दर वर्षी जेजुरी करायची, तिला न्या.

कोयनेचा_भाऊ
बर्गनला माझा सल्ला असा. साडेतीन-चारला फ्लोइबानेन रेल्वेने वर जा. ३२० मीटरवर अख्खं बंदर खाली दिसतं, आपली बोटसुद्धा. ब्रिगेनची जुनी लाकडी घरं त्याआधी पायी बघून घ्या, १९७९ पासून जागतिक वारसा आहे. साडेपाचपर्यंत बोटीवर या आणि जेवायला बसा. बाकीचे गावात हिंडत असतात, त्यामुळे डायनिंग रूम निवांत मिळते. नऊला बोट सुटेल तेव्हा तुम्ही जेवून, शाल घेऊन डेकवर. उजेड असणारच.

रजिस्टर_बंद
एक धोक्याची सूचना. बोट नऊला सुटते म्हणजे नऊला परत यायचं असं नाही. 'सगळे बोटीवर' ही वेळ आधीची असते, बहुतेकदा अर्धा तास, कधी त्याहून जास्त. ती त्या दिवसाच्या पत्रकात छापलेली असते. बोटीच्याच सहलीला गेलात आणि बस अडकली तर ते बघून घेतात. स्वतः टॅक्सी करून गेलात तर पुढचं बंदर तुमचं तुम्ही गाठायचं. फ्लॉमच्या डोंगरातल्या रेल्वेची तिकिटं स्वतः काढणार असाल तर परतीची गाडी शेवटची ठेवू नका.

सोनसळी_हळद
आणि जाताय ते बरंच करताय. गायरांगरसारख्या वारसा-फ्योर्डमध्ये प्रदूषणविरहित बोटींनाच प्रवेश असा नियम नॉर्वेने केलाय. दहा हजार टनेजखालच्या बोटींना तो २०२६ पासून, मोठ्यांना २०३२ पासून. पुढे तिथे कोणत्या बोटी जातील, काय भाव होईल, देव जाणे.

कृष्णाकाठची
बापरे, चहाला उठले तेवढ्यात धागा कुठल्या कुठे गेला. सगळ्यांचे आभार.

ह्यांच्या डॉक्टरांशी बोलले. इन्सुलिन नाही, गोळ्याच आहेत, पण त्यातली एक जेवणाला धरूनच घ्यायची आहे. सहाला जेवायला त्यांची हरकत नाही, रात्री नऊला दूध-बिस्किट घ्या म्हणाले. साडेआठला मात्र स्पष्ट नाही. मग चुलीवरचं_पिठलं आणि रजिस्टर_बंद या दोघांचं जोडून असं ठरतंय: पहिली पंगत ठरवून घ्यायची, म्हणजे अंड्याचं पुराण एकदाच. बर्गन, ओलेसुंड आणि समुद्रातले दिवस तिथेच. फ्लॉम आणि गायरांगरला टेबलाला सुट्टी. डेकवर उभं राहायचं, साडेसातला वरच्या बुफेत ह्यांचं पान. आणि फ्लॉमच्या सकाळी सहाला उठायचं, हे मी एकटीच कबूल करतेय. बाकीच्या तिघांचं काही खरं नाही.

एकच अडचण राहिली. नणंदेचे यजमान गायरांगरलाही खालीच जेवणार म्हणतात.

पैसे_भरलेत
नमस्कार. आज खातं उघडलं. "पैसे जेवणाचेसुद्धा भरलेत" म्हणणारा तो मीच. वहिनींनी अर्धंच लिहिलंय. मी म्हणालो होतो, बुफेत ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे लग्नातलं जेवण. चौतीस वर्षं नोकरीत डबा खाल्ला, आता कुणीतरी वाढलेलं खायचंय.

दुसरीच_पंगत
साहेब, स्वागत. गायरांगरचं माझं ऐका. खांबाजवळचं टेबल मिळालं तर काय होतं ते वर लिहिलंय.

पैसे_भरलेत
वाचलं. टेबल खिडकीजवळचं मिळत असेल तर?

रजिस्टर_बंद
मागता येतं. बुकिंगवाल्याला आत्ताच लिहून द्यायला सांगा, आणि बोटीवर चढल्या-चढल्या, सामान खोलीत टाकायच्या आधी, डायनिंग रूमच्या दारात जाऊन हेड वेटरला पुन्हा सांगा. चौघांची टेबलं खिडकीला कमी असतात, दोघांची जास्त. दोघादोघांत वाटून बसायची तयारी ठेवलीत तर शक्यता वाढते.

कृष्णाकाठची
मग गायरांगरला नणंद आणि मी डेकवर, हे बुफेत, आणि तुम्ही खाली खिडकीत एकटे. चालेल?

पैसे_भरलेत
एकटा कशाला, दादांना माझ्याबरोबर खाली पाठवा. सहालाच जेवतील, गोळीही वेळेवर होईल.

मिरजेची_डॉक्टरीण
वैद्यकीयदृष्ट्या हेच सगळ्यात बरोबर आहे, सांगायला वाईट वाटतं.

लाल_डबा
खिडकीत बसलेल्या दोघांना वरून भडंग टाका.